सिगारची तंबाखू : सावनेरच्या काळ्या जमिनीत परवडेल का?

महागड्या सिगारचे दर ऐकून हे पीक घ्यावेसे वाटते. निर्णयापूर्वी पुढील बाबी तपासाव्यात.

तीन प्रकारची पाने
सिगारमध्ये आतला भरणा, तो बांधणारे पान आणि बाहेरचे वेष्टन असते. वेष्टनाचे पान सर्वांत महाग. ते पातळ, लवचिक व बिनडागी लागते. क्युबातील पिनार देल रिओ भागात त्यासाठी पिकावर कापडी सावली करतात. भारतात भरण्याची तंबाखू तमिळनाडूतील वेडसंदूर भागात, तर वेष्टनाची पश्चिम बंगालमधील दिनहाटा भागात होते.

जमीन व खत
वेष्टनाच्या पानासाठी हलकी, निचऱ्याची जमीन लागते. सावनेरची भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते. क्लोराइड जास्त झाल्यास पान नीट जळत नाही. म्हणून म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरतात.

किंमत काढणीनंतर वाढते
पाने हवेशीर छपराखाली टांगून वाळवतात. नंतर ढीग लावून आंबवतात; ढीग तापला की पलटतात आणि पुढे दीर्घकाळ मुरवतात. स्कॉच व्हिस्कीही ओकच्या पिंपात किमान ३ वर्षे मुरते. मुरलेल्या चवीमुळेच शौकीन दोन्हींची जोडी लावतात. मात्र हा वाढीव दर मुरवणाऱ्याला मिळतो, पान तोडणाऱ्याला नाही.

सल्ला
- खरेदीदाराशी लेखी करार आणि वाळवणीची सोय नसल्यास लागवड करू नये.
- मिरची, वांगी, टोमॅटो एकाच कुळातील असल्याने त्यांच्यालगत लागवड टाळावी.
- पाने खाणारी अळी (स्पोडोप्टेरा) सोयाबीनवरही येते. दोन्ही पिकांत लक्ष ठेवावे.
- ओली पाने हाताळताना निकोटीन त्वचेतून शरीरात जाते, हातमोजे वापरावेत.