काळवंडलेलं मंदिर आणि हरवलेली आजी

दोस्तांनो, सुट्टीच्या दिवशी सकाळी कॅमेरा घेऊन वाघोलीच्या वाघेश्वर मंदिरापाशी जाऊन बघा. शेजारी तळं, वर लखलखीत आकाश. तुम्ही खुशीत बटण दाबता आणि घरी येऊन पाहता तर काय, आकाश झकास आलंय, पण मंदिर कोळशासारखं काळंकुट्ट! यात तुमची फारशी चूक नाही बरं का. आपला डोळा ऊन आणि सावली दोन्ही एकदम सांभाळून घेतो, कॅमेऱ्याला ते तितकंसं जमत नाही. मग प्रश्न पडतो, फोटो सुधारायला कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं?

वर्गातला एखादा तज्ज्ञ लगेच सांगतो, "अरे, फोटोशॉपच घे!" फोटोशॉप उत्तम आहे, यात वाद नाही. थॉमस आणि जॉन नॉल या अमेरिकन भावांचं हे काम, १९९० साली बाजारात आलं. पण आता ते एकदाच पैसे मोजून विकत घेता येत नाही, त्याची वर्गणी भरत राहावी लागते. आणि वर्गणी चुकवायला कुणी चोरटी प्रत दिली, तर तिच्याबरोबर व्हायरसही घरात येऊ शकतो. आई-बाबांनो, इथे जरा लक्ष असू द्या.

शिकायला सुरुवात करणाऱ्याला मी 'गिम्प' सुचवीन. बर्कलेच्या विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये ते लिहायला घेतलं. जगभरचे हौशी लोक त्यात भर घालत आले आणि २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती निघाली. ते फुकट आहे आणि कायदेशीरही! घरी संगणक नसेल तर मोबाइलवरचं 'स्नॅपसीड' घ्या, तेही फुकटच.

पण सॉफ्टवेअर उघडलं की शेकडो बटणं बघून डोकं गरगरतं. सगळी शिकायला जाऊच नका. एकच फोटो घ्या, आपला मंदिराचाच, आणि त्याला काय हवंय तेवढंच शोधा. त्याला हवाय सावलीत थोडा उजेड. गिम्पच्या 'कलर्स' मेनूत 'शॅडोज-हायलाइट्स' आहे. त्यातली सावलीची पट्टी हळूहळू सरकवा. दगडांमधले सांधे दिसू लागले की थांबा. हावरटपणा केलात तर सावलीत रंगीबेरंगी ठिपके उमटतील.

आता 'डॉज' आणि 'बर्न' ही दोन हत्यारं बघा. त्यांची गंमत अशी की ती संगणकाच्या जन्माआधीची आहेत! पूर्वी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत निगेटिव्हमधून कागदावर दिव्याचा उजेड पाडत. जितका उजेड जास्त, तितका कागद काळा. मग एखादा चेहरा उजळ हवा असेल, तर फोटोग्राफर तारेला लावलेली पुठ्ठ्याची चकती त्या जागेवर धरून हलवायचा. तेवढ्या भागावर उजेड कमी पडायचा, हा झाला डॉज. उलट एखादी जागा गडद हवी असेल, तर हाताच्या ओंजळीतून फक्त तिथेच जादा उजेड सोडायचा, तो बर्न. म्हणून फोटोशॉपमध्ये या हत्यारांची चित्रं आजही काडीवरची चकती आणि हात अशीच आहेत.

मंदिरापुढे आलेली विजेची तारही पुसता येते. पुसावी का? भिंतीवर लावायच्या फोटोतून खुशाल पुसा. पण शाळेच्या 'आमचं गाव' प्रकल्पासाठी फोटो असेल तर राहू द्या, असं माझं मत. वाघोली २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आली. दगडखाणींचं गाव बघता बघता शहर झालं. उद्या कुणी विचारलं, तेव्हा इथं काय होतं, तर तुमचा फोटो खरं बोलायला हवा ना?

आणि हो, काहीही करण्याआधी मूळ फोटोची प्रत काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. गिम्पमध्ये 'सेव्ह' केलं की एक्ससीएफ प्रकारची वेगळी फाइल तयार होते, जेपेग हवी तर 'एक्स्पोर्ट' करावं लागतं. मुलांना ही कटकट वाटते. मला नाही वाटत, कारण मी एकदा चांगलीच खोड मोडून घेतली आहे.

माझ्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यानं मी आजीचा फोटो काढला होता, २०४८ गुणिले १५३६ ठिपक्यांचा. मामाला ई-मेलनं पाठवायला मी तो ८०० गुणिले ६०० केला आणि बेधडक 'सेव्ह' दाबलं. मूळ फोटोवरच! कॅमेऱ्यातलं कार्ड आधीच पुसलेलं होतं. पुढे आजी गेली, तेव्हा घरच्यांना तो मोठा करून लावायचा होता. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. आता ८०० ला ३०० नं भागा. पावणेतीन इंचही भरत नाहीत. मोठा करून पाहिला, तर आजीचे डोळे नुसते चौकोन.

शेवटी तो तेवढाच छापला. माझ्या पाकिटात असतो.