एकटाच धावला, पहिला आला

२५ जुलै १९०८. लंडनच्या व्हाइट सिटी स्टेडियमवर ऑलिंपिकच्या चारशे मीटर शर्यतीची अंतिम फेरी. धावपट्टीवर दोऱ्या बांधून रांगा आखलेल्या, पंच जागच्या जागी, आणि धावायला उभा एकच गडी: ब्रिटिश लष्करातला लेफ्टनंट विंडहॅम हॅल्स्वेल. इशारा झाला, तो धावला, ५० सेकंदांत अंतर कापलं आणि सुवर्णपदक घेऊन गेला.

दोन दिवस आधी हीच शर्यत चौघांत झाली होती. अमेरिकेच्या जॉन कार्पेंटरनं हॅल्स्वेलला कडेकडेला रेटत नेलं, असं पंचांचं म्हणणं पडलं. कार्पेंटर बाद झाला आणि शर्यत पुन्हा घ्यायचं ठरलं. उरलेले दोघेही अमेरिकन. निषेध म्हणून ते फिरकलेच नाहीत. त्यामुळे हॅल्स्वेलच्या खात्यात जमा झाला तो वॉकओव्हर. ऑलिंपिक अ‍ॅथलेटिक्समध्ये अशा रीतीनं मिळालेलं हे एकमेव सुवर्ण.

आता गंमत अशी, की प्रतिस्पर्धीच नसेल तर धावायचं कशाला? पदक घरपोच द्यायचं. पण वॉकओव्हर हा शब्द आला घोड्यांच्या शर्यतीतून, आणि तिथला नियम कडक होता. बाकीच्या मालकांनी घोडे मागे घेतले, तरी उरलेल्या घोड्यानं मैदानात यायचं आणि ठरलेलं अंतर पार करायचं. चालत का होईना, पण करायचं. तेव्हाच बक्षीस. आपल्या क्रीडापानांवर कबड्डीपासून बॅडमिंटनपर्यंत ‘पुढे चाल मिळाली’ असं छापून येतं, त्यातली ‘चाल’ या चालण्याशी अशी जुळून बसते, की शब्द घडवणाऱ्याला दाद द्यावी.

या चालण्यातला दादा घोडा म्हणजे एक्लिप्स. १७६४ साली सूर्यग्रहणाच्या दिवशी जन्मला म्हणून नाव ग्रहण. तो १८ शर्यती धावला, १८ जिंकला, आणि त्यातल्या आठ निव्वळ वॉकओव्हर होत्या, कारण त्याच्यासमोर घोडा उतरवायला कोणी धजेना. १७६९ च्या मे महिन्यात एप्समला त्यानं पहिली फेरी मारली तेव्हा डेनिस ओकेली नावाच्या जुगाऱ्यानं पैज लावली: दुसऱ्या फेरीत घोड्यांचा क्रम काय लागेल, ते मी आधीच सांगतो. एक्लिप्स पहिला, बाकीचे कुठेच नाहीत! ऐकायला ही फुशारकी वाटते, पण ‘कुठेच नाही’ हा शर्यतीतला पारिभाषिक शब्द होता. विजेत्याच्या मागे २४० यार्डांहून जास्त, म्हणजे साधारण २२० मीटर, राहिलेल्या घोड्याला पंच क्रमांकच देत नसत. ओकेली पैज जिंकला आणि पुढे त्यानं घोडाच विकत घेतला.

‘हँड्स डाउन’ जिंकणं हेही तबेल्यातलंच. चुरस असेल तर जॉकी लगाम आवळून, हात वर घेऊन घोड्याला पिटाळतो. मागे कोणी नाही म्हटल्यावर तो हात खाली सोडतो, लगाम सैल. नेमकं उलट चित्र आपल्या डोळ्यासमोर येतं, हात टेकल्याचं. आणि मराठीत हात टेकतो तो हरणारा.

केकवॉकची गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळ्यांवर गुलाम जोडीजोडीनं एक नाच करत. पाठ मागे झुकवलेली, गुडघे छातीपर्यंत उचललेले, हातात छडी, चालण्यात डौल. मालकांच्या बॉलरूममधल्या ऐटीची ती उघड नक्कल होती, आणि जुन्या आठवणींवर विश्वास ठेवायचा तर मालक मंडळी समोर बसून टाळ्या वाजवत, आपलीच टिंगल चालली आहे याचा पत्ता नसताना. सगळ्यांत झोकात चालेल त्या जोडीला केक. पुढे १८९८ मध्ये या नाचाच्या जन्मकथेवरची संगीतिका ब्रॉडवेवर आली. विल मॅरियन कुक यांचं संगीत, पॉल लॉरेन्स डनबार यांची गीतं, आणि रंगमंचावर सगळे कृष्णवर्णीय कलाकार.

असा नाच करून बघावा म्हणजे कळेल, त्यात सोपं काही नाही. तरी शब्दाचा अर्थ झाला ‘हातचा मळ’. २००२ च्या फेब्रुवारीत अमेरिकी सरकारमधले माजी अधिकारी केन अ‍ॅडेलमन यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लिहिलं, की इराक मुक्त करणं केकवॉक ठरेल. एप्रिल २००३ मध्ये बगदाद पडलं. अमेरिकी सैन्य तिथून बाहेर पडायला डिसेंबर २०११ उजाडलं.

निवडणुकीतला लँडस्लाइड म्हणजे कोसळलेला डोंगर. मराठीनं त्याचं भाषांतर न करता ‘लाट’ पसंत केली, ते बरंच झालं. माळीणच्या आठवणी असलेल्या मुलखात दरड कोसळली म्हणून कोण गुलाल उधळेल? या शब्दाचा सर्वांत खवचट वापर लिंडन जॉन्सन यांच्या वाट्याला आला. १९४८ मध्ये टेक्सासमध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी पक्षांतर्गत लढत झाली. सुमारे दहा लाख मतं पडली आणि जॉन्सन ८७ मतांनी जिंकले. अ‍ॅलिस गावच्या १३ क्रमांकाच्या मतपेटीत दोनेकशे मतं उशिरा ‘सापडली’. यादीतली नावं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात. तेव्हापासून ते ‘लँडस्लाइड लिंडन’. १९६४ मध्ये अध्यक्षपदासाठी ५० पैकी ४४ राज्यं जिंकून त्यांनी शब्द खरा करून दाखवला, पण टोपणनाव चिकटलं ते चिकटलंच.

व्हाइटवॉशमध्ये हरणाऱ्याच्या अंगावर चुना फासला जातो. मराठीत चुना लावणं म्हणजे फसवणं, त्यामुळे शब्दशः भाषांतर केलं असतं तर अब्रूनुकसानीचे खटलेच उभे राहिले असते! क्रीडा-पत्रकारांनी ‘निर्भेळ यश’ असा सभ्य शब्द काढला. २०२४ मध्ये न्यूझीलंडनं बंगळूर, पुणे आणि मुंबई अशा तीन कसोटी जिंकून भारताला घरच्या अंगणात हा रंग दिला. पण वानखेडेवरचा शेवटचा सामना सुटला अवघ्या २५ धावांनी, आणि ११ बळी घेऊन तो फिरवणारा एजाझ पटेल मुंबईत जन्मलेला. मालिका एकतर्फी, शेवटचा दिवस मात्र नखं खायला लावणारा.

या सगळ्या शब्दांत जिंकणारा कसा निवांत आहे: चालतोय, हात सैल सोडतोय, केक खातोय. मराठीला त्याच्यापेक्षा हरलेल्याच्या हालांत जास्त रस. धूळ चारली, लोळवलं, धुव्वा उडवला, चारी मुंड्या चीत केलं, पानिपत झालं. इंग्रजीतही मारझोडीचे शब्द आहेतच, आणि त्यातला ‘ड्रबिंग’ तर आपल्या नात्यातला निघण्याचा दाट संभव. अभ्यासकांच्या मते तो अरबी ‘दर्ब’, म्हणजे तडाखा, यावरून सतराव्या शतकात इंग्रजीत शिरला. तळपायांवर छड्या मारण्याच्या पूर्वेकडच्या शिक्षेसाठी प्रवासी तो वापरत. तोच अरबी शब्द फारसीतून मराठीत उतरला आणि ‘जरब’ झाला. मोगल नाण्यांवर टांकसाळीच्या नावाआधी येतो तोही हाच, कारण नाणंही ठोकूनच पाडायचं.

१२ सप्टेंबर १८८५ ला मात्र कुठलाच शब्द पुरला नसता. स्कॉटिश कपच्या फुटबॉल सामन्यात आर्ब्रोथनं बॉन अ‍ॅकॉर्डवर ३६–० असा विजय मिळवला. एकट्या जॉकी पेट्रीचे १३ गोल. आर्ब्रोथच्या गोलरक्षकाकडे चेंडू आलाच नाही. पावसात तो कुणाची तरी छत्री घेऊन उभा राहिला, असं सांगतात. त्याच दिवशी, थोड्याच मैलांवर, डंडी हार्प संघानं अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५–० असं हरवलं होतं. पंचांच्या टिपणात ३७ गोल होते म्हणे. हार्पच्याच माणसानं प्रामाणिकपणे सांगितलं, आमच्या मोजणीत पस्तीसच भरतात.