दुसरा गाल आणि राज्यकारभार

ख्रिस्ती नीतीवर राजकीय विचारवंतांचा मुख्य आक्षेप असा, की मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करणे साधूला शोभेल, पण राज्य चालवणाऱ्याला किंवा राज्याविरुद्ध झगडणाऱ्याला ते झेपेल का?   

एकोणिसाव्या शतकातील मराठी वाद मात्र नीतीपेक्षा ईश्वरस्वरूप, चमत्कार आणि मोक्ष यांवर रंगले. विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी झुंजले ते याच मैदानात. जोतीराव फुल्यांनी तर ‘गुलामगिरी’त (१८७३) ख्रिस्ताला बळीराजाच्या पंक्तीला बसवले. 

राजकीय कसोटी लागली ती लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५). क्षमाधर्माला गुलामांची नीती ठरवणाऱ्या नीत्शेची लोकमान्यांनी दखल घेतली, पण क्षमा मोडीत काढली नाही. ‘निर्वैर’ म्हणजे मनात वैर नसणे. दुष्टाचा प्रतिकारच करायचा नाही, असा त्याचा अर्थ नव्हे, हे त्यांचे उत्तर. सगळेच साधू असलेल्या समाजाचा नियम अपूर्ण समाजाला जसाच्या तसा लावता येत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. याउलट गांधीजींवर ख्रिस्ताच्या गिरिप्रवचनाचा आणि टॉलस्टॉयचा ठसा होता. १९२० च्या आरंभी ‘यंग इंडिया’त टिळक आणि गांधीजींची जाहीर जुंपली : राजकारण हा संसारी माणसांचा खेळ आहे, साधूंचा नव्हे, असे टिळक म्हणाले, गांधीजींना ही वाटणीच अमान्य होती.

हाच धागा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात पोचला. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी विनोबा गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते टिपून घेतले. शेजारच्या अमळनेरात शिक्षक राहिलेल्या गुरुजींची ती लेखणी नसती, तर ही प्रवचने तुरुंगातच विरली असती. विनोबा गांधीजींचे, तरी पहिल्याच प्रवचनात त्यांनी अर्जुनाच्या अहिंसेची झडती घेतली. त्यांचा दृष्टांत असा : अनेकांना फाशी देणारा न्यायाधीश स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच फाशीची शिक्षाच वाईट म्हणू लागतो. अर्जुनाची करुणा त्याच जातीची, आप्तांच्या मोहातून आलेली. टिळकांनी क्षमेला परिस्थितीची अट घातली होती. विनोबांनी ती हेतूची घातली.