घरट्याचा नेचा आणि आपला उन्हाळा

वैशाखात व्याख्यानाला निघताना प्रत्येक जण रस्त्याची सावलीची बाजू धरतो. याच दिवसांत आपल्या कित्येक घरांत एक झाड मुकाट्याने मरत असते. रोपवाटिकेत त्याला ‘बर्ड्‌स नेस्ट फर्न’ म्हणतात. आपण त्याला घरट्याचा नेचा म्हणू. रुंद, अखंड, पोपटी पाने, प्रत्येक पानात एक काळसर शीर, आणि सगळी पाने एकाच गाभ्यातून कारंज्यासारखी वर आलेली. पावसाळ्यात हौसेने आणलेले हे झाड पुढच्या मे महिन्यापर्यंत कडांनी करपते, मग मधूनच काळे पडते. मालक हळहळतो, “अहो, रोज न चुकता पाणी घालत होतो!” आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा ते त्या न चुकलेल्या पाण्यानेच मेलेले असते.

हे पटायला या झाडाचे मूळ घर पाहिले पाहिजे. लिनीअसने १७५३ साली याला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील ‘निडस’ या लॅटिन शब्दाचा अर्थच घरटे. मलाया, बोर्निओ, जावा इकडच्या बारमाही पावसाच्या अरण्यांत हा नेचा उंच वृक्षांच्या खोडांवर आणि फांद्यांच्या बेचक्यांत वाढतो. तरी ते बांडगूळ नव्हे. बांडगूळ आश्रयदात्याचा रस शोषून घेते. हा बिचारा फक्त बसायला जागा मागतो. वरून गळणारा पाचोळा त्याच्या पानांच्या परडीत साचतो, कुजतो, आणि त्या कुजक्या पाल्यात मुळांचा दाट स्पंजासारखा गोळा तयार होतो. पाऊस आला की हा गोळा पाणी पितो, जास्तीचे खाली गळून जाते, आणि दोन सरींच्या मध्ये मुळांना भरपूर हवा मिळते. बोर्निओतील अशा नेच्यांचा अभ्यास एलवुड आणि फॉस्टर यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. ओलाव्यासकट मोठ्या नेच्याचे वजन दोनशे किलोपर्यंत भरते, आणि वृक्षाच्या उरलेल्या साऱ्या शेंड्यात जेवढे किडेमुंग्यांचे जग असते, जवळजवळ तेवढे या एका घरट्यात नांदते, असे त्यांना आढळले.

आता आपण काय करतो ते पाहा. या आकाशवासी झाडाला आपण काळ्या मातीत पुरतो, माती दाबून चोपतो, आणि कुंडीखाली पाण्याने भरलेली बशी ठेवतो. मुळांना श्वासच घेता येत नाही. मातीऐवजी कुजलेला पाला, नारळाच्या सोडणाचा भुसा, थोडे लोणारी कोळशाचे तुकडे आणि जाडी वाळू असे भुसभुशीत मिश्रण घ्यावे. कुंडी लहान आणि उथळ असावी, तळाच्या भोकावर खापरी ठेवावी. पाणी घालण्याआधी बोट घालून पाहावे. वरचा थर कोरडा लागला तरच घालावे. घड्याळ पाहून पाणी घालणे ही शिस्त माणसांना शोभते, झाडांना नव्हे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट गाभ्याची. इतर काही नेचे फुटवे सोडतात, त्यांचे गड्डे फोडून दोनाचे चार करता येतात. याला वाढीचा गाभा एकच. नवे प्रत्येक पान, शंखासारखी गुंडाळी करून, तिथूनच उलगडते. तो गाभा कुजला की झाड संपले. अरण्यात पाऊस सरळ गाभ्यात पडतो हे खरे, पण तिथे वारा खेळता असतो. आपल्या बंद खोलीत तेच पाणी साचून राहते आणि कुज धरते. म्हणून घरात पाणी कडेकडेने, मिश्रणावरच घालावे. कोवळ्या गुंडाळीला बोट लावू नये, आणि पाने चकाकावीत म्हणून खोबरेल तर मुळीच चोळू नये.

मग कडा करपतात त्या कशाने? बहुतेक वेळा कोरड्या हवेने. पुण्यासारख्या गावी एप्रिल-मेच्या दुपारी हवेतील आर्द्रता पुष्कळदा तीस टक्क्यांच्याही खाली उतरते. मुळांशी कितीही पाणी असले तरी पानातून उडून जाणारा ओलावा भरून निघत नाही. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टराच्या बागेतले नेचे धुरकट हवेने मरत असत. १८२९ साली त्याने पतंगाचा कोश ओलसर पाचोळ्यासह बाटलीत बंद केला, तो आत आपोआप एक नेचा उगवला आणि टिकला! त्या बाटलीवरून निघालेल्या काचपेट्यांतूनच पुढे चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आली.

आपल्याला काचपेटीची गरज नाही. पाण्याचा फवारा मारणाऱ्यांची हौस आम्ही मोडत नाही, पण त्याचा ओलावा थोड्याच वेळात उडून जातो. घरातला पाझरता माठ जिथे असतो, त्याच्या शेजारी कुंडी ठेवून पाहावी. चार कुंड्या एकत्र ठेवल्या तरी एकमेकींना आधार देतात. सर्वांत उत्तम जागा म्हणजे न्हाणीघराची पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी. दिवाणखान्यात पंख्याखाली ठेवलेले झाड पाहुण्यांना दिसते खरे, पण फार दिवस दिसत नाही.

एका चुकीची कबुली द्यायला हवी. आमच्याकडच्या नेच्याच्या जुन्या पानांखाली एके दिवशी तपकिरी रेघा दिसल्या. कीड समजून आम्ही कात्रीने ती पाने कापून टाकली, आणि झाड पुढे कित्येक महिने थिजून राहिले. एका म्हाताऱ्या माळ्याने नंतर समजावले की ती कीड नव्हतीच. नेच्याला फूल नाही, बी नाही. पानामागच्या त्या रेघांतून धुळीसारखी बीजुके सुटतात, तोच त्याचा वंशविस्तार. ओळखण्याची खूण सोपी आहे. बीजुकांच्या रेघा मधल्या शिरेपासून तिरप्या, समांतर, सारख्या अंतरावर, आखल्यासारख्या असतात. खवले कीड अस्ताव्यस्त असते आणि नखाने खरवडली की निघते.

सह्याद्रीतल्या नेच्यांशी मात्र याची गल्लत करू नये. घाटातले पुष्कळ नेचे पावसाळा संपला की पाने टाकून जमिनीतल्या गड्ड्याच्या रूपाने झोपी जातात. भाद्रपदात सहलीहून उपटून आणलेला नेचा कार्तिकात पिवळा पडला म्हणून लोक तो मेला समजून फेकून देतात. तो मेलेला नसतो, निजलेला असतो. आणि मुळात त्याला घाटातच राहू द्यायला हवे होते. घरट्याच्या नेच्याला ही झोप ठाऊक नाही. त्याच्या अरण्यात वैशाखच नसतो. म्हणून उन्हाळाभर त्याला जपावे लागते, थंडीतही पारा दहा-बारा अंशांखाली जाईल तेव्हा उघड्या खिडकीपासून दूर घ्यावे लागते. खत द्यायचे तर पावसाळ्याच्या महिन्यांत, अगदी पातळ करून.

मृग बरसला की कुंडी गॅलरीच्या कडेला, खेळत्या वाऱ्यात ठेवावी. तिथे चार सरी गाभ्यात पडल्या तरी भिण्याचे कारण नाही. फक्त पागोळ्यांखाली ठेवू नये. त्या धारेने कोवळी गुंडाळी मोडते.