पक्षाघातानंतरचे काम कोण मोजणार?

बार्शी भागात शाळूची काढणी अजूनही कित्येक शिवारांत हातानेच होते. ताट दोन्ही मुठींत धरायचे, मुळासकट उपटायचे, माती झाडायची आणि पेंढी बांधायची. अंगावरून वारं गेलेला पन्नाशीतला माणूस तीन-चार महिन्यांत चालू लागतो, स्वतःच्या हाताने जेवतो, आंघोळ करतो. पण उजवी मूठ आवळत नाही. वैद्यकीय संशोधनाच्या लेखी मात्र तो यशस्वी रुग्ण ठरू शकतो. पक्षाघाताच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांत रँकिन मापनश्रेणी वापरतात. तीत शून्य म्हणजे कसलेही लक्षण नाही आणि सहा म्हणजे मृत्यू. आकडा दोनपर्यंत असला की रुग्णाला सहसा स्वावलंबी धरले जाते. आता दोनची व्याख्या पाहा: पूर्वीची सगळी कामे करता येत नाहीत, पण स्वतःचे स्वतः पाहता येते. म्हणजे रोजगार गेला हे व्याख्येतच सामावून घेतले आहे. निवृत्त माणसाच्या बाबतीत ही तडजोड चालेल. ज्याच्या मजुरीवर घर चालते, त्याच्या बाबतीत ती चालत नाही. म्हणून कमावत्या वयातल्या पक्षाघातग्रस्तांसाठी संशोधनाला पैसा द्यायचा, तर ‘माणूस कामावर परतला का’ हा त्या संशोधनाचा मुख्य प्रश्न असला पाहिजे, आणि असे संशोधन बार्शीसारख्या ठिकाणी झाले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा की, पुनर्वसनावरचे संशोधन भारतात झाले आणि हाती काही लागले नाही. ‘अटेंड’ चाचणीकडे बोट दाखवले जाते. देशातल्या 14 रुग्णालयांतून 1,250 रुग्ण तिच्यात घेतले होते. एका गटातल्या रुग्णांच्या घरच्यांना व्यायाम आणि हालचाली करून घ्यायला शिकवले, दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा मिळाली. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली निकाल आला: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत 47 टक्के रुग्ण मरण पावलेले किंवा परावलंबी होते. निकाल निराशाजनक खरा, पण पैसा वाया गेला असे मला वाटत नाही. घरच्यांना शिकवले की भागेल, ही समजूत सरकारी धोरण होण्याआधीच तपासली गेली. शिवाय त्या चाचणीने मृत्यू आणि परावलंबन मोजले, मजुरी नव्हे. कामाचाच प्रश्न विचारणारी एक लहान चाचणी दक्षिण आफ्रिकेत झाली. पक्षाघातापूर्वी नोकरीत असलेल्या 80 जणांपैकी निम्म्यांच्या बाबतीत फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट थेट कामाच्या जागी गेले, कोणते काम जमते आणि कुठे अडते ते पाहिले, मालकाशी बोलून बदल सुचवले. सहा महिन्यांनी त्यांच्यातले 60 टक्के कामावर होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण 20 टक्के होते. ऐंशी माणसांवरून कायदा करता येत नाही. आणि तिथे मालक होता, हजेरीपट होता. बार्शीच्या आडत बाजारातल्या हमालाच्या किंवा दुसऱ्याच्या रानात रोजंदारीवर जाणाऱ्या बाईच्या बाबतीत कोणाशी बोलायचे? ते उत्तर आयात करता येणार नाही, इथेच शोधावे लागेल.

तालुक्याच्या गावात इतके काटेकोर काम होईल का, ही शंका बार्शीपुरती तरी इतिहासाने मिटवली आहे. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987 साली इथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतली 346 गावे तिच्यात घेतली होती. रुग्ण दवाखान्यात येईल तेव्हा नोंदू, असे तिथे केले नाही. कर्मचारी गावोगाव फिरले, माणसांना भेटले, आजाराची लक्षणे समजावली आणि संशयित रुग्णांचा माग शेवटपर्यंत ठेवला. पुढे बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेबरोबर तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया तिच्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे 2009 साली त्यातून जगाला कळले. या यशाच्या मुळाशी महागडे यंत्र एकटे नव्हते. वर्षानुवर्षे त्याच गावात जाणारा, ओळखीचा झालेला कर्मचारी होता. पक्षाघाताच्या संशोधनातही पैसा मुख्यतः याच माणसावर खर्च व्हायला हवा: त्याचा पगार, एसटीचे भाडे, आणि रुग्ण कोणत्या गटात आहे हे माहीत नसलेला स्वतंत्र तपासनीस. हा दुसरा माणूस नसेल तर मोजमापावर विश्वास ठेवता येत नाही, आणि खर्चाला कात्री लावताना पहिला बळी त्याचाच जातो.

मुदतीचाही प्रश्न आहे. सहा महिन्यांनी मोजण्याची पद्धत शेतीच्या वर्षाला जुळत नाही. नोव्हेंबरात आजारी पडलेल्याची तपासणी मे महिन्यात येईल, तेव्हा कोरडवाहू रानात धडधाकट माणसालाही काम नसते. त्याला ‘बेकार’ लिहिले तर आकडा खोटा. किमान एक पूर्ण खरीप आणि एक पूर्ण रब्बी पाहावी लागेल, कामाचे दिवस आणि मजुरी दोन्ही नोंदवावी लागेल. म्हणजे निधी दोन-तीन वर्षांचा हवा.

आधी रक्तदाब आटोक्यात आणा, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांत मिळेल अशी सोय करा, मग संशोधन, असेही म्हटले जाते. या सोयी हव्यातच, त्यांच्यातला पैसा काढून घ्या असे कोणी म्हणत नाही. पण ज्यांना झटका येऊन गेला, ते थांबलेले नाहीत. त्यांच्या घरचे आजही पैसा खर्च करत आहेत, फक्त आंधळेपणाने. स्टेम सेलचे उदाहरण बोलके आहे. अस्थिमज्जेतल्या पेशींचा उपचार आशेने विकला जात असताना, केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पैशातून 120 भारतीय रुग्णांवर चाचणी झाली आणि 2014 साली निकाल आला: उपचार सुरक्षित, पण लाभ नाही. असा निकाल हाती असलेला डॉक्टर एखाद्या कुटुंबाची जमीन वाचवू शकतो.

सर्वांत गंभीर आक्षेप मात्र गरिबांवर प्रयोग करण्याचा आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. उस्मानाबादच्या चाचणीवरही याच मुद्द्यावर टीका झाली, कारण तुलनेच्या गटातल्या स्त्रियांची तपासणी झाली नव्हती. त्या भागात तेव्हा तशी सेवा नव्हतीच, हा बचाव मला पुरेसा वाटत नाही. पक्षाघाताच्या चाचणीत तुलनेच्या गटालाही नियमित फिजिओथेरपी आणि रक्तदाबाची औषधे मिळालीच पाहिजेत. नवा कार्यक्रम उपयोगी ठरला तर तो त्यांनाही द्यायला हवा. आयसीएमआर असो, टाटांसारखा न्यास असो वा सामाजिक दायित्वाचा निधी देणारी कंपनी, हा खर्च पहिल्या दिवशीच्या अंदाजपत्रकात लिहिलेला असल्याशिवाय नैतिकता समितीने चाचणीला परवानगी देऊ नये.