नळीतली ज्योत टिपताना

वसमत रस्त्यावर रात्री एखादा बुलेटस्वार रेस सोडतो आणि सायलेन्सर ‘फट्’ करतो, तेव्हा वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. हा आवाज न जळता पुढे गेलेल्या पेट्रोलचा. तापलेल्या नळीत ते पेटते. शर्यतीच्या मोटारीत तर भडका नळीबाहेर येतो. मला त्याचे छायाचित्र हवे होते.

मोटार अर्थातच संगणकावरची. ‘फोर्झा होरायझन ५’ (२०२१) या मेक्सिकोत घडणाऱ्या खेळात धावती गाडी जागीच थांबवून छायाचित्र घेता येते. ही छायाचित्रणकला नव्हेच, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! आमच्या घरी कॅमेरा कधीच नव्हता. शटर आणि भिंग म्हणजे काय, हे मला प्रथम येथेच उमगले.

वेग वाढवला की ज्योत येते, ही मित्रांची समजूत खरी नव्हे. इंजिनाच्या फेऱ्या पुरत्या चढवून रेस एकदम सोडावी किंवा गिअर बदलावा. ज्योत तेव्हा दिसते, तीही निमिषभर. ती दिसल्यावर बटण दाबणारा हमखास चुकतो. म्हणून मी रेस सोडता सोडताच दाबतो. दहा वेळा नुसता धूर मिळतो, अकराव्यांदा ज्योत.

उन्हात ती फिकी पडते. खेळात रात्र होऊ द्यावी, दिवे नसलेला रस्ता धरावा आणि गाडी थांबली की कॅमेरा मागच्या बाजूने जमिनीलगत आणावा. प्रकाश थोडा उतरवला की ज्योतीची निळसर कडही उठून दिसते.