इंटरव्हल की एका लयीतलं कार्डिओ?

व्यायामाला वेळ कमी असला की ‘ताबाता करा’ असा सल्ला हमखास मिळतो. २० सेकंद जीव तोडून मेहनत, १० सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. जपानी संशोधक इझुमी ताबाता यांच्या १९९६ सालच्या अभ्यासामुळे ही इंटरव्हल पद्धत जगभर पोहोचली.

पण २०१५ साली अमेरिकेत कार्ल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय नसलेल्या तरुणांवर केलेला प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. आठ आठवडे काहींनी ताबाता केलं, काहींनी २० मिनिटं एका लयीत सायकल चालवली. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दोन्हीकडे सुमारे १८-१९ टक्क्यांनी वाढली. ताबातावाल्यांना व्यायामाचा आनंद मात्र कमी मिळाला!

म्हणून माझं सांगणं:
✅ आठवड्यातले बहुतेक दिवस गप्पा मारता येतील अशा वेगाने चाला, पळा, सायकल चालवा.
✅ अंगात दम आला की एखाद-दोन दिवस इंटरव्हल करा. आधी वॉर्मअप हवाच.
✅ हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

जो व्यायाम उद्याही करावासा वाटेल, तोच तुमचा. तुम्हाला कोणता आवडतो?